घाणा बंद, दोन ते चार

शाळेच्या मागं, खिचडीच्या तांदळाच्या खोलीत
खड्डा घेतला, जांभा संपून काळा कातळ लागेपर्यंत.
कातळावर ओटा, ओट्यावर यंत्र,
यंत्रावर उलटं घमेलं, उंदरांसाठी.
गगनबावड्याच्या अलीकडं, कोल्हापूरपासून दीड तास,
आमच्या जाळ्यातलं अकरावं ठाणं.

पहिल्या महिन्यात त्यानं भूकंप सोडून सगळं लिहिलं:
साडेदहाची घंटा, कवायतीचे पाय,
उसाच्या ट्रॉल्या, घाटाआधी गिअर बदलणारा ट्रक,
तालमीत कुणी पडलेला
(चितपट की नुसताच, ते त्याला कळत नाही),
आणि ह्या सगळ्याच्या खाली, न थांबता,
एक संथ हेलकावा, सहा-सहा सेकंदांचा.

थोइबा म्हणाला, हा समुद्र.
तिकडं विजयदुर्गाच्या खडकावर आपटतोय
आणि इथं तांदळाच्या पोत्यांपर्यंत पोचतोय.
थोइबा इंफाळचा. त्याच्याकडं भूकंप
जवळच्या पाहुण्यासारखा, न कळवता, वरचेवर.
माझ्या घरी तो फक्त सांगण्यात होता.

अडचण होती ती गुऱ्हाळाची.
लगमाण्णा चौगुल्यांचा घाणा रात्रभर चालायचा
आणि आमच्या रेषेवर रात्रभर केसाळ सुरवंट.
नकाशा घेऊन गेलो. त्यांनी नकाशा बघितला नाही,
काहिलीत बघत होते, पाक कुठवर आलाय.
"काहील मधी सोडता येत न्हाई.
घाणा थांबतोय की. दोन ते चार. बास?"
काय द्यायचं, विचारलं.
"काय घावलं तर दाखवा."

दिवसा घरोघर फॉर्म.
सदुसष्टची पहाट आठवणारे आता थोडेच.
भांडी पडली का? पाणी हिंदकळलं का? भिंतीला चीर?
बायाक्का खोत म्हणाल्या, "तसलं काय न्हाई ओ.
कडी वाजली. वाटलं, धनी आलं हुबळीस्नं.
उठून दार उघडलं,
तर अंगण हलत हुतं."
ह्याला रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

सतरा जानेवारी. तीन वाजून आठ मिनिटं.
एक बारीक ठोका,
मग चार सेकंदांनी दुसरा, जड.
त्या चार सेकंदांत अंतर असतं:
बत्तीस किलोमीटर. दिशा नसते.
एकट्या ठाण्याला एवढंच म्हणता येतं,
कुठंतरी, माझ्यापासून इतकं लांब,
आणि स्वतःभोवती वर्तुळ काढून बसावं लागतं.

दुपारी राधानगरीहून नफिसा शिकलगारचा फोन आला.
आंब्याच्या वनरक्षकानं कार्ड एसटीनं धाडलं,
कंडक्टरच्या हाती, काडेपेटीत घालून.
संगणक क्षणात करतो हे, तरी थोइबानं
मुलांच्या कंपासपेटीतला कंपास घेतला
आणि शाळेच्या व्हरांड्यात, गुडघ्यांवर,
तीन वर्तुळं काढली.

तीन वर्तुळं एका ठिपक्यात भेटत नाहीत कधी.
मधे एक छोटा त्रिकोण उरतो.
त्यात ह्या वेळी दोन वाड्या, एक ओढा,
एक पाझर तलाव आणि आमचं न कळणं.

दोन पूर्णांक एक. कुणाचीच झोप मोडली नव्हती.
वाड्यांतल्या कुत्र्यांचं विचारायचं राहिलंय.

संध्याकाळी कागद घेऊन गुऱ्हाळावर गेलो.
लगमाण्णांनी हात पुसले, दोनदा.
"ह्यात माझा घाणा कुठाय?"
सुरवंट दाखवला. मग तो जिथं संपतो
आणि रेषा पाटाच्या पाण्यासारखी पडते, तिथं बोट ठेवलं:
"हे दोन वाजले. इथून तुम्ही नाही."
त्या नसलेल्या जागेकडं ते बराच वेळ बघत राहिले,
शेतावर नवी मोजणी आल्यासारखे.
मग ते दोन ठोके. बोट लावलं नाही त्यांनी.

"आन् मोठा कधी येणार?"
ते आम्हाला सांगता येत नाही, मी म्हणाले.
थोइबानं मान हलवली, मराठी न कळूनही.
पोरं साच्यात गूळ ओतत होती.
"मग उद्याबी थांबवतो," लगमाण्णा म्हणाले,
आणि पाक बघायला वळले.